क्लिनिकल सोशल वर्कर घरची एवढी चौकशी का करतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले असून तो सध्या रुग्णालयात दाखल आहे. औषधे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, चाचण्या मानसशास्त्रज्ञांनी घेतल्या आहेत. त्यानंतर क्लिनिकल सोशल वर्करनी तासाभराहून अधिक वेळ बसून घरात कोण कोण राहते, कोण कमावते, भावाचा दिवस कसा जातो, तो कोणाशी बोलतो आणि कोणाशी बोलणे टाळतो, अशी बारीक चौकशी केली. पुढच्या बैठकीला त्यांनी आईवडिलांनाही बोलावले आहे. ही चौकशी उपचारांचा भाग आहे की फाइल पूर्ण करण्याचा, या व्यक्तीचे काम नेमके कोणते आणि आधीच खचलेल्या आईवडिलांना त्या बैठकीला न्यावे का, असे आपण विचारले आहे. मी हेच काम आधी मनोरुग्णालयाच्या वॉर्डात आणि पुढे रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या पथकात बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवाच्या आणि या विषयात झालेल्या अभ्यासांच्या आधारे हे उत्तर आहे.

चौकशी हा उपचारांचाच भाग आहे. एकच निदान, एकच औषध आणि जवळपास सारखीच मात्रा असलेले दोन रुग्ण एकाच आठवड्यात घरी जातात. त्यांतला एक वर्षभर बरा राहतो आणि दुसरा तीन महिन्यांत परत दाखल होतो, असे या क्षेत्रात वारंवार पाहायला मिळते. या फरकाचा काही भाग आजाराच्या जैविक स्वरूपात असतो. पण बराचसा भाग रुग्ण कोणत्या घरात, कोणत्या माणसांत आणि कोणत्या ओझ्याखाली परततो यात असतो. हा दुसरा भाग शोधून काढणे आणि त्यातले जे बदलता येईल ते रुग्णाला व घरच्यांना सोबत घेऊन बदलणे, हे क्लिनिकल सोशल वर्करचे काम.

ही केवळ आमच्या व्यवसायाची समजूत नाही. १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने लंडनच्या मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या पुरुष रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांची प्रकृती अधिक स्थिर राहिल्याचे अनपेक्षित चित्र समोर आले. ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातले भावनिक वातावरण प्रत्यक्ष मोजले गेले. ज्या घरांत रुग्णावरची टीका, त्याच्याविषयीचा राग किंवा त्याच्यात टोकाचे गुंतून जाणे अधिक होते, तिथे ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, म्हणजे पुन्हा उफाळून आला. जिथे हे प्रमाण कमी होते, तिथे १६ टक्के रुग्णांचा. व्हॉन आणि लेफ यांनी १९७६ मध्ये आणखी एक बाब दाखवून दिली. अशा तणावाच्या घरात रुग्ण आणि नातेवाईक आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर असतील तर धोका वाढतो, आणि नियमित औषध व कमी सहवास या दोन्ही गोष्टी त्या धोक्यापासून काही प्रमाणात संरक्षण देतात. ‘भाऊ दिवसभर घरात असतो का, आणि त्या वेळी घरात आणखी कोण असते?’ हा साधा वाटणारा प्रश्न या संशोधनातून आलेला आहे.

इथे थांबून एक खुलासा करणे आवश्यक वाटते, कारण आपले आईवडील खचलेले आहेत असे आपण लिहिले आहे. वरील अभ्यासांचा अर्थ घरच्यांमुळे आजार झाला असा मुळीच नाही. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया उद्भवतो अशा आशयाची मांडणी केली होती. पुराव्याअभावी ती पुढे मागे पडली, पण तोवर कित्येक आयांना तिने नाहक अपराधी ठरवले होते. घरातले वातावरण आजार निर्माण करत नाही. आधीच असलेल्या आजाराच्या वाटचालीवर ते परिणाम करते, आणि तोही दोन्ही बाजूंनी, कारण अनेक महिने न झोपलेल्या, सतत धास्तावलेल्या माणसांच्या तोंडून टीका निघणे हेही आजाराच्याच ओझ्याचे लक्षण असते. शिवाय ही टीका पुष्कळदा गैरसमजातून येते. ‘त्याला भास होतात ते आम्ही समजू शकतो, पण तो अंघोळसुद्धा करत नाही, दिवसभर नुसता पडून राहतो, याला आजार कसा म्हणायचा?’ असे वडील त्राग्याने म्हणतात. प्रत्यक्षात इच्छाशक्ती मावळणे, भावना बोथट होणे, बोलणे आटणे ही स्किझोफ्रेनियाचीच लक्षणे आहेत. भास आणि संशय यांच्या तुलनेत औषधांचा त्यांच्यावर कमी परिणाम होतो, त्यामुळे घरी आल्यावर तीच जास्त दिसतात. हे नीट समजावून सांगितले, म्हणजे पत्रक हातात ठेवून नव्हे, तर त्यांच्याच घरातली उदाहरणे घेऊन, की बहुतेक वडिलांचा सूर दोन-तीन बैठकांत बदलतो.

या बैठकांचा उपयोग मोजलाही गेला आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जेरार्ड होगार्टी आणि कॅरल अँडरसन या दोघा सोशल वर्करनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तणाव जास्त असलेल्या घरांतले रुग्ण निवडले होते आणि सगळ्यांना औषधे चालू होती. केवळ औषध आणि नेहमीचा पाठपुरावा असलेल्या गटात वर्षभरात ४१ टक्के रुग्णांचा आजार उलटला. कुटुंबाला आजाराची माहिती आणि अडचणी सोडवण्याचे शिक्षण दिले गेले त्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते, रुग्णाला सामाजिक कौशल्ये शिकवलेल्या गटात २० टक्के, आणि दोन्ही मिळालेल्या गटात एकाही रुग्णाचा आजार पहिल्या वर्षात उलटला नाही. दुसऱ्या वर्षी हा फायदा काहीसा ओसरला, त्यामुळे या कामाला चमत्कार म्हणता येणार नाही. मात्र औषधाच्या जोडीला त्याची जागा कोणती, हे या आकड्यांवरून पुरेसे स्पष्ट होते.

हे काम रुग्णालयात आले तेही याच जाणिवेतून. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी बाह्यरुग्ण विभागात समाजसेवेचे काम सुरू केले आणि पुढे आयडा कॅनन यांनी त्याला पद्धतशीर रूप दिले. त्याच शहरातल्या सायकोपॅथिक हॉस्पिटलमध्ये मेरी जॅरेट यांनी १९१३ पासून ते मनोरुग्णांसाठी उभे केले, मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये सामाजिक निदानाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली, आणि १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धातून मानसिक आघात घेऊन परतणाऱ्या सैनिकांसाठी स्मिथ कॉलेजमध्ये प्रशिक्षणही सुरू झाले. शरीर, मन आणि परिस्थिती यांचा एकत्र विचार करण्याची भूमिका अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्ये वैद्यकशास्त्रापुढे ठेवली, तोवर सोशल वर्कर ती कित्येक दशके वॉर्डात राबवत होते.

आता कामाच्या वाटणीविषयी. वैद्यकीय तपासणी, निदान आणि औषधे ही मानसोपचारतज्ज्ञांची जबाबदारी असते. मानसशास्त्रज्ञ चाचण्यांच्या आधारे विचारप्रक्रिया, स्मरणशक्ती, व्यक्तिमत्त्व यांचे मूल्यमापन करतात आणि मानसोपचाराची सत्रे घेतात. क्लिनिकल सोशल वर्कर रुग्णाच्या भोवतालचे मूल्यमापन करतात, कुटुंबासोबत आणि गटांसोबत उपचारात्मक काम करतात, आणि रुग्णालय, घर, नोकरीची जागा, न्यायालय, शासकीय योजना या सगळ्यांना जोडणारा धागा धरून ठेवतात. कागदावर ही वाटणी नीटनेटकी दिसते. चांगल्या पथकात ती तितकीशी नीटनेटकी नसते, आणि नसावीही. औषधे नियमित न घेणाऱ्या रुग्णाचे उदाहरण पाहा. केस पेपरवर ‘औषधे घेत नाही, आजाराची जाणीव नाही’ असा शेरा पडतो आणि मात्रा वाढवण्याचा किंवा इंजेक्शनचा विचार सुरू होतो. सोशल वर्कर विचारतात की गोळ्या ठेवता कुठे, देते कोण, कोणत्या वेळी घेता, घेतल्यावर काय होते. तेव्हा कळते की रुग्ण रात्रपाळीला जातो, गोळी रात्री नऊला घ्यायची आहे, आणि तिने येणाऱ्या गुंगीमुळे कामावर दोनदा तंबी मिळाल्यापासून तो कामाच्या दिवशी गोळी टाळतो आणि सुट्टीच्या दिवशी घेतो. आजाराची जाणीव त्याला पुरेशी आहे. नोकरी जाण्याची भीती तिच्याहून मोठी आहे. वेळ बदलायची की औषध बदलायचे हा निर्णय डॉक्टरांचाच राहतो, पण तो योग्य प्रश्नावर घेतला जातो.

मूल्यमापनाचा याहून नाजूक भाग म्हणजे रुग्णाचे म्हणणे आणि वस्तुस्थिती यांचा मेळ घालणे. एखाद्या स्त्रीला घरचे घेऊन येतात आणि सांगतात की ती फार संशयी झाली आहे, नवरा आपल्या मागावर असतो, आपला फोन तपासतो, आपल्याला कोंडून ठेवतो असे बोलते. हे सगळे आजारातून येऊ शकते. हे सगळे खरेही असू शकते. आणि सर्वात अवघड प्रसंग तो, ज्यात दोन्ही एकाच वेळी असते, म्हणजे आजार खरा असतो आणि मारहाणही खरी असते. अशा वेळी नातेवाइकांना बाहेर बसवून तिच्याशी स्वतंत्र बोलणे, माहेरच्या किंवा शेजारच्या व्यक्तीकडून तिच्या संमतीने माहिती घेणे, आधीचे वैद्यकीय कागद पाहणे, अंगावरच्या खुणांविषयी डॉक्टरांशी बोलणे, हे सोशल वर्करचे काम असते. छळाला भ्रम समजून औषध देत राहणे ही उपचारांतली गंभीर चूक ठरते, आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत तशीच उतरवून घेतली की ती सहज घडते. म्हणूनच अनुभवी सोशल वर्कर एकच प्रश्न दोन-तीन जणांना वेगवेगळा विचारतात. आपल्याला तो उलटतपासणीसारखा वाटला असेल. त्यामागे अविश्वास नसतो.

चौकशीच्या वेळी समोरच्या कागदावर काही वर्तुळे आणि रेषा काढलेल्या आपण पाहिल्या असतील. तीन पिढ्यांचा कौटुंबिक आराखडा काढला की घराण्यात कोणाला असाच आजार होता का, कोणी आत्महत्या केली होती का, कोणाचे बोलणे कोणाशी तुटले आहे, हे एका नजरेत दिसते. दुसरा आराखडा इकोमॅपचा. ॲन हार्टमन या सोशल वर्करनी तो १९७० च्या दशकात रूढ केला. त्यात मधल्या वर्तुळात कुटुंब किंवा रुग्ण असतो आणि भोवती नोकरी, मित्र, नातेवाईक, डॉक्टर, प्रार्थनास्थळ, शेजार. घट्ट नात्याला जाड रेष, क्षीण नात्याला तुटक रेष आणि तणावाच्या नात्याला काट मारलेली रेष काढतात. दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या इकोमॅपमध्ये एक गोष्ट हमखास आढळते : पूर्वी जाड असलेल्या मित्रांच्या रेषा पुसल्या गेलेल्या असतात आणि उरलेल्या सगळ्या रेषा एकाच व्यक्तीतून, बहुतेकदा आईतून जातात. डॉक्टरांची तारीख तिच्या लक्षात असते, गोळ्या तिच्याकडे असतात, भावंडांशी बोलणे तिच्यामार्फत होते. ती आजारी पडली की महिनाभरात रुग्ण वॉर्डात असतो. असा नकाशा दिसला की उपचारांच्या योजनेत आईच्या विश्रांतीला आणि दुसरी किमान एक रेष उभी करण्याला औषधाइतकेच महत्त्व येते. आपण भाऊ किंवा बहीण म्हणून या प्रश्नात पुढे आला आहात, ही सोशल वर्करच्या दृष्टीने त्या कागदावरची फार मोलाची रेष आहे.

क्लिनिकल सोशल वर्कर मानसोपचाराची सत्रेही घेतात, आणि ते समुपदेशनापुरते मर्यादित नसते. कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात ठसा उमटवणाऱ्या व्हर्जिनिया सॅटिर, कथनोपचाराची पद्धत विकसित करणारे ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि उपायकेंद्रित उपचारपद्धती घडवणाऱ्या इन्सू किम बर्ग हे तिघेही मूळचे सोशल वर्करच होते. कोणत्या व्यक्तीने कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आहे हे मात्र वेगवेगळे असते, म्हणून सत्रे सुरू करण्याआधी ते थेट विचारावे. विचारल्याचा राग येणारी व्यक्ती या कामाला योग्य नाही, असे माझे मत आहे.

माझ्या दृष्टीने या कामाचा खरा कस लागतो तो डिस्चार्जच्या वेळी. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. आत्महत्येचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि एकूण पहिल्या तीन महिन्यांत विशेष वाढलेला असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. वॉर्डात चोवीस तास माणसे भोवती असतात, वेळच्या वेळी औषध मिळते, कोणी काही अपेक्षा करत नाही. आणि मग एका दुपारी रुग्ण अचानक त्याच खोलीत परततो जिथून त्याला नेले होते. म्हणून डिस्चार्जची तयारी दाखल केल्यापासूनच सुरू व्हायला हवी. तयारी म्हणजे अगदी बारीक गोष्टी. हातातल्या गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत पुरतील आणि पुढची तारीख त्याआधीची आहे ना. त्या तारखेला सोबत कोण येणार. पहिल्या आठवड्यात फोन किंवा भेट कोण करणार. कामावरच्या रजेचे पत्र कोणाच्या नावे आणि त्यात आजाराचा उल्लेख किती ठेवायचा. शेजारी विचारतील तेव्हा काय सांगायचे, हे रुग्णाने स्वतः काय ठरवले आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत तो कुठे असेल. हा शेवटचा प्रश्न अनेकदा अनुत्तरित राहतो, आणि वर सांगितलेले ३५ तास नेमके तिथेच भरतात.

याच टप्प्यावर आजार उलटण्याच्या पूर्वखुणांची नोंद केली जाते. पुस्तकातली यादी इथे फारशी कामाची नसते, कारण प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. एकाची झोप कमी होते, दुसरा सगळ्यांचे फोन उचलणे बंद करतो, तिसरा घरातली घड्याळे झाकून ठेवू लागतो. मागच्या वेळी दाखल करण्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत काय काय बदलले होते, हे रुग्ण आणि घरचे मिळून आठवतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहिले जाते, आणि त्यापुढे कोणाला फोन करायचा ते लिहिले जाते. आत्महत्येचे विचार येत असतील तर बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या पद्धतीची सुरक्षा योजना तयार करतात. तिच्यात धोक्याची चाहूल, स्वतः करता येण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसे व ठिकाणे, मदत मागता येईल अशी जवळची माणसे, तज्ज्ञ व तातडीच्या सेवा यांचे क्रमांक आणि घातक वस्तू आवाक्याबाहेर ठेवण्याची व्यवस्था, असे टप्पे क्रमाने येतात. ‘मी जिवाचे काही करणार नाही’ असे लिहून घेतलेल्या कागदावर मात्र विसंबू नये. त्याचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही.

ज्यांचा आजार वारंवार उलटतो आणि जे रुग्णालयात येणेच टाळतात, त्यांच्यासाठी सेवा त्यांच्याकडे न्यावी लागते. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात मानसोपचारतज्ज्ञ लेनर्ड स्टाइन आणि त्यांच्या सहकारी मेरी ॲन टेस्ट यांनी अशा पथकाचा प्रयोग उभा केला आणि १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉक्टर, परिचारिका, सोशल वर्कर असे सगळे एकाच पथकात, एका कर्मचाऱ्यामागे साधारण दहा रुग्ण, आणि भेट रुग्णाच्या घरी किंवा तो असेल तिथे. स्वयंपाक, बँक, बस, घरमालकाशी बोलणे ही कौशल्ये रुग्णालयाच्या खोलीत शिकवण्याऐवजी जिथे लागतात तिथेच शिकवायची, हे त्यातले मुख्य सूत्र होते. नोकरीच्या बाबतीतही असेच आढळले आहे : वर्षानुवर्षे पूर्वतयारीच्या कार्यशाळेत बसवण्यापेक्षा रुग्णाच्या आवडीचे खरे काम लवकर शोधून देणे आणि तिथे मदत चालू ठेवणे अधिक यशस्वी ठरते. आपल्या भावाच्या बाबतीत ‘पूर्ण बरा झाल्यावर कामाचे पाहू’ असे घरात बोलले जात असेल, तर या विषयावर सोशल वर्करशी आताच बोलावे.

कायद्याने या व्यवसायाला दिलेले स्थान देशागणिक बदलते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सायकियाट्रिक, म्हणजे मानसोपचार क्षेत्रातल्या, सोशल वर्करची पात्रता नमूद केलेली आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर स्वतंत्रपणे निदान व मानसोपचार करू शकतात, आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखाली काही हजार तास काम करावे लागते. इंग्लंडमध्ये रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे असेल तर डॉक्टरांच्या शिफारशीनंतर अर्ज करायचा की नाही, याचा स्वतंत्र निर्णय घेणारे मान्यताप्राप्त अधिकारी बहुतांशी सोशल वर्करच असतात. सक्तीच्या निर्णयावर वैद्यकीय नसलेल्या नजरेने प्रश्न विचारणारे कोणी असावे, ही त्यामागची धारणा आहे. औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र सोशल वर्करकडे नसतो.

सांगितलेली माहिती कुठे जाते, ही शंका आपण उघड विचारलेली नसली तरी बहुतेक नातेवाइकांच्या मनात ती असते. उपचारांशी संबंधित माहिती पथकातल्या इतरांना कळते. रुग्णालयाबाहेर ती रुग्णाच्या संमतीशिवाय जात नाही. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश यांसारखे अपवाद कायद्याने ठरवलेले असतात. इथे एक भेद लक्षात ठेवावा. रुग्णाने संमती दिलेली नसेल तर सोशल वर्कर त्याच्याविषयी आपल्याला फारसे सांगू शकणार नाहीत, पण आपण सांगितलेले ऐकून घेण्यास त्यांना कोणतीही आडकाठी नसते. मात्र ‘हे मी सांगितले असे त्याला कळू देऊ नका’ अशी अट घालण्याआधी विचार करावा, कारण अशी गुपिते सांभाळत उपचार फार दूर जात नाहीत, आणि भावाला संशयाचा आजार असेल तर ती उघडी पडल्यावर होणारे नुकसान मोठे असते.

या व्यवसायाच्या उणिवाही सांगायला हव्यात. अनेक रुग्णालयांत सोशल वर्करला अर्ज भरणे, सवलतीची पत्रे मिळवणे आणि खाट रिकामी करून देणे एवढ्याच कामाला जुंपलेले असते. मग तासभराची चौकशी होते आणि तिच्यातून पुढे काहीच निघत नाही. दुसऱ्या टोकाला, खासगी सल्लाकेंद्रात बसून केवळ मानसोपचाराची सत्रे घेण्याकडे ओढा वाढल्याने गरिबी, घर, हक्क हे मूळ विषय सुटत चालले आहेत, अशी टीका हॅरी स्पेक्ट आणि मार्क कोर्टनी या समाजकार्याच्या अभ्यासकांनी १९९४ मध्येच केली होती आणि ती मला आजही रास्त वाटते. चौकशीनंतर काय बदलले, हे पाहून आपण स्वतःच याची पारख करू शकता. दोन आठवड्यांनी सोशल वर्करकडे भावाच्या बाबतीत लिखित योजना असावी, तिच्यात भावाच्या स्वतःच्या इच्छेची नोंद असावी, आणि कोणते काम कोणी कधीपर्यंत करायचे ते असावे. ते नसेल तर तसे विचारावे.

राहिला आईवडिलांना बैठकीला नेण्याचा प्रश्न. अवश्य न्यावे. त्यांच्या थकव्याविषयी बोलण्याची ही हक्काची जागा आहे, आणि ‘आमचे काय चुकले’ हा प्रश्न त्यांच्या मनात असेलच, तर त्याचे उत्तर तुमच्यापेक्षा बाहेरच्या जाणकार व्यक्तीकडून मिळालेले त्यांना पटेल. बैठकीत सोशल वर्कर भावाला काही विचारतील आणि आई त्याच्या वतीने उत्तर देऊ लागेल. तिला ‘थोडे थांबू या, त्यालाच बोलू द्या’ असे सांगितले गेले तर तो अपमान समजू नये. सोबत आधीच्या उपचारांचे कागद, सध्याच्या गोळ्यांची पाकिटे आणि मागच्या वेळी आजार कसा वाढत गेला याच्या तारखा घेऊन जाव्यात. एकाच बैठकीत सगळे तंटे मिटवण्याचा प्रयत्न करू नये. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या महिन्याची व्यवस्था एवढाच विषय पुरेसा आहे. भाऊ या बैठकीला बसायला तयार नसेल तर त्याच्यावर सक्ती करू नये, पण बैठक कधी आहे, कोण येणार आहे आणि कशाविषयी बोलणे होणार आहे, हे त्याला आधी सांगावे, आणि त्याला त्यात काही मांडायचे असल्यास ते लिहून सोशल वर्करकडे देण्याची मोकळीक ठेवावी.